पोटातली केमो, नॅनो कण आणि सहापैकी किती?

नॅनो म्हटलं की आपल्याकडे अजूनही निम्म्या लोकांना टाटांची गाडी आठवते. ती २००८ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये झळकली, लाख रुपयांत चारचाकी म्हणून गाजली आणि दहा वर्षांत तिचं उत्पादनही थांबलं. शब्द मात्र काही थांबला नाही. नॅनो युरिया, नॅनो रंग, नॅनो कोटिंगवाला तवा... आणि दर दोन-तीन महिन्यांनी पेपरात कुठेतरी कोपऱ्यात एक चौकट: नॅनो कणांचा कॅन्सरच्या गाठीवर अचूक मारा, निरोगी पेशींना धक्काही नाही, उंदरांवरचे प्रयोग यशस्वी. पुढच्या वेळी विद्यापीठाचं नाव बदलतं, उंदीर तेच राहतात.

हे वाचून दोन प्रकारची माणसं तयार होतात. एक, ज्यांना वाटतं की आता कॅन्सर संपलाच. दुसरी, ज्यांना वाटतं की हे सगळं थोतांड आहे, ग्रँट मिळवायचे धंदे आहेत. मी यातल्या दोन्ही गटांत बसत नाही. माझं मत असं आहे की नॅनो कणांना शरीरात जर कुठे खरंच चांगलं काम मिळू शकत असेल, तर ते पोटाच्या पोकळीत. पण त्याचं कारण पेपरात छापतात ते नाही, आणि यश मोजायची पट्टीही पेपरात छापतात ती नाही. ते का, हे जरा सविस्तर सांगतो. (मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. औषधोपचाराचा सल्ला म्हणून हे कृपया वाचू नका.)

आधी पोट म्हणजे काय ते बघू. आपली आतडी, जठर, यकृत, अंडाशय हे सगळं ज्या पोकळीत बसवलेलं असतं, तिला आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. हे अस्तर पोकळीच्या भिंतीलाही असतं आणि अवयवांवरही गुंडाळलेलं असतं. सगळं उलगडून पसरलं तर त्याचं क्षेत्रफळ जवळपास आपल्या अंगावरच्या कातडीइतकं भरतं. एवढ्या मोठ्या अस्तराला ओलं ठेवायला आत थोडंसं द्रव असतं, आणि ते श्वासाच्या हालचालीने सतत फिरत असतं.

आता कॅन्सरची पेशी या फिरत्या पाण्यात पडली की काय होईल? ती जिथे जाईल तिथे रुजेल. अंडाशयाचा कॅन्सर नेमका असाच पसरतो. जठराचा, मोठ्या आतड्याचा, अपेंडिक्सचासुद्धा. अंगणात मोहरी सांडावी तसे बारीक बारीक दाणे सगळ्या अस्तरावर पसरतात. पोटात पाणी साठायला लागतं, ज्याला आपण जलोदर म्हणतो. अंडाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा सापडतो तोच मुळी या अवस्थेत, कारण त्याआधी तक्रारी असतात त्या पोट फुगणं, अपचन, भूक मंदावणं अशा. आपल्याकडची बाई या तक्रारींसाठी डॉक्टरकडे जाते कधी? ओवा खाऊन बघते, इनो पिऊन बघते, आणि घरातलं सगळं उरकून वेळ मिळाला तर मग जाते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे ऑपरेशन आणि केमो. केमो साधारणपणे शिरेतून देतात. शिरेतून दिलेली केमो म्हणजे ऑफिसातलं 'रिप्लाय ऑल'. सांगायचं असतं एकाला, मेल जातं सगळ्या कंपनीला. औषध केसांच्या मुळांना जातं, अस्थिमज्जेला जातं, मूत्रपिंडांना जातं, नसांच्या टोकांना जातं आणि त्यातलं थोडं पोटातल्या दाण्यांनाही पोचतं. दाणे अगदी छोटे असतील तर त्यांच्यात रक्तवाहिन्याच धड तयार झालेल्या नसतात, म्हणजे रक्तातून येणारं औषध तिथे पोचणार तरी कसं?

मग साधा प्रश्न पडतो. कॅन्सर पोटाच्या पोकळीत आहे, तर औषध थेट पोकळीतच का ओतत नाही?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं गणिती उत्तर एका इंजिनिअरने दिलं, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतल्या रॉबर्ट डेड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक पेपर लिहिला. किडनीच्या पेशंटना पोटात पाणी भरून डायलिसिस करतात, त्यातून पेरिटोनियममधून कुठला रेणू किती वेगाने आरपार जातो याची माहिती मिळालेली होती. त्यावरून त्यांनी हिशोब मांडला. औषध पोकळीतून रक्तात हळू झिरपतं. पण एकदा रक्तात गेलं की यकृत आणि मूत्रपिंडं ते भराभर काढून टाकतात. म्हणजे नळ बारीक आणि मोरी मोठी. साहजिकच पोकळीत औषध दाट राहणार आणि रक्तात पातळ. पुढे प्रत्यक्ष मोजल्यावर सिस्प्लॅटिन या औषधासाठी हा फरक दहा-वीस पटींचा निघाला आणि पॅक्लिटॅक्सेलसाठी जवळपास हजार पटींचा.

कागदावर एकदम झकास. मग प्रत्यक्षात?

प्रत्यक्षातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे 'जीओजी १७२' नावाची अमेरिकन चाचणी. तिचे निष्कर्ष जानेवारी २००६ मध्ये छापून आले. अंडाशयाच्या तिसऱ्या टप्प्याच्या कॅन्सरच्या बायका, ज्यांची गाठ ऑपरेशनने जवळजवळ पूर्ण काढलेली होती. निम्म्यांना सगळी केमो शिरेतून, निम्म्यांना काही शिरेतून आणि काही पोटात. आयुष्यमानाचा मध्यांक शिरेतून दिलेल्या गटात ४९.७ महिने, तर पोटात दिलेल्या गटात ६५.६ महिने. सोळा महिन्यांचा फरक! कॅन्सरच्या जगात जिथे दोन-तीन महिन्यांच्या फरकावर पत्रकार परिषदा होतात, तिथे सोळा महिने. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने खास निवेदन काढून डॉक्टरांना सांगितलं, की बाबांनो, ही पद्धत वापरा.

आणि तरीही ती सर्वत्र रुळली नाही. का? त्याच पेपरात आणखी एक आकडा होता. पोटातल्या केमोचे ठरलेले सहाच्या सहा डोस पुरे करू शकलेल्या बायका होत्या फक्त ४२ टक्के.

हा आकडा मला सोळा महिन्यांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. पोटात बसवलेली नळी तुंबते, गळते, तिथे संसर्ग होतो. पोटात असह्य दुखतं. उलट्या, थकवा, हातापायांना मुंग्या. दर तीन आठवड्यांनी हेच. अर्ध्याहून जास्त बायकांनी वाटेत कुठेतरी पोटातली केमो सोडली किंवा डॉक्टरांनी ती थांबवली. आणि तरीही त्यांच्यासकट मोजलेला गट जिंकला. इंजिनिअर माणसाच्या डोक्यात लगेच प्रश्न येतो: अर्ध्याहून जास्त वेळा काम पुरंच न करणारी सिस्टिम जर एवढं देत असेल, तर ती पुरी चालली तर काय देईल?

त्याचं उत्तर शोधायचा एक प्रयत्न झाला. 'जीओजी २५२' ही पुढची चाचणी, दीड हजारांवर बायकांची, निष्कर्ष २०१९ मध्ये. इथे पोटातली केमो सुसह्य व्हावी म्हणून सिस्प्लॅटिनचा डोस कमी केला होता आणि सगळ्या गटांना बेव्हॅसिझुमॅब हे आणखी एक औषध दिलं होतं. निकाल? आजार परत उलटण्याच्या काळात गटागटांत फरकच नाही. म्हणजे जरा ट्रॅजेडी बघा. डोस पुरता ठेवला तर बायकांना सोसत नाही, सोसेल इतका कमी केला आणि फायदा दिसेनासा झाला. तो डोस कमी केल्यामुळे गेला की दुसऱ्या औषधाने झाकला गेला, हे त्या चाचणीवरून वेगळं काढता येत नाही.

दरम्यान दुसरीकडे गरम केमोचा, म्हणजे हायपेकचा बोलबाला झाला. ऑपरेशन करून दिसतील तेवढ्या गाठी काढायच्या आणि तिथल्या तिथे, पेशंट भुलीखाली असतानाच, गरम केलेलं औषध पोटात फिरवायचं. नळी घरी न्यायची भानगड नाही, एकाच बैठकीत काम. २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीत २४५ बायकांवर हे करून बघितलं. आयुष्यमान ३३.९ महिन्यांवरून ४५.७ महिन्यांवर गेलं. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी फ्रान्समध्ये वेगळं औषध वापरून हेच केलं तेव्हा (२०२१ चा निकाल) हायपेकसह ४१.७ आणि हायपेकशिवाय ४१.२ महिने. शून्य फरक. तिथे जो फायदा झाला तो चांगल्या ऑपरेशनचा.

असो. एवढा इतिहास सांगायचं कारण असं, की नॅनोवाले ज्या घरात शिरू बघतायत त्या घराची अवस्था आधी कळायला हवी. पोटात केमो द्यायची कल्पना नवी नाही. ती कधी चालते, कधी चालत नाही, आणि तिच्यात दोन कमकुवत जागा आहेत.

पहिली जागा: औषध टिकत नाही. सिस्प्लॅटिनसारखे छोटे रेणू काही तासांत अस्तराच्या केशवाहिन्यांमधून रक्तात निघून जातात. दुसरी जागा: औषध खोल जात नाही. गाठीच्या पृष्ठभागावर कितीही दाट औषध असलं तरी ते आत जातं जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. म्हणूनच आधी ऑपरेशनने मोठ्या गाठी काढाव्याच लागतात.

इथे कणांचा प्रवेश होतो. आणि इथे सगळा खेळ आकाराचा आहे.

एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड. आता पोटाची पोकळी म्हणजे आपल्या जुन्या घरातली मोरी समजा. तिला दोन वाटा. एक, भिंतीतून पाणी मुरतं ती. म्हणजे केशवाहिन्या. त्यातून छोटे रेणू जातात. दुसरी, वरच्या बाजूला श्वासपटलाखाली असलेली बारीक भोकं, जी थेट लसीकावाहिन्यांत उघडतात. त्यातून मोठे रेणू आणि कण खेचले जातात. औषध शंभर-दीडशे नॅनोमीटरच्या कणात कोंडलं तर ते भिंतीत मुरत नाही, हे खरं. पण ते हळूहळू जाळीच्या वाटेने निघून जातं आणि शेवटी प्लीहेत नि यकृतात जाऊन बसतं. बरं, मग कण मोठा करू. काही मायक्रॉनचा केला तर टिकतो, पण मोठे कण खाली तळाशी साचतात, सगळीकडे सारखे पसरत नाहीत आणि शरीर त्यांच्याभोवती आतडी एकमेकांना चिकटवून टाकतं. डॅनियल कोहेन यांच्या बोस्टनमधल्या गटाने २००६ मध्ये उंदरांवर नेमकं हे दाखवलं. एकाच पॉलिमरचे मोठे गोळे पोटात राहिले पण चिकटे झाले, नॅनो गोळे निरुपद्रवी पण निघून गेले. म्हणजे लहान केला तर पळतो, मोठा केला तर चिकटतो. अशा ट्रेड-ऑफवर आमच्या धंद्यात लोक अख्खं करिअर काढतात.

या पेचातून सुटायच्या युक्त्या लोकांनी शोधल्या आहेत आणि त्या वाचताना खरंच मजा येते. ओहायोमध्ये जेसी ऑ यांच्या गटाने (२००८) चारेक मायक्रॉनचे कण केले, दोन प्रकारचे. पहिले औषध झटपट सोडतात, गाठीच्या वरच्या थरातल्या पेशी मरतात आणि मधे फटी पडतात. त्या फटींतून पुढचं औषध आत शिरतं. दुसरे कण हळूहळू, बरेच दिवस औषध सोडत राहतात. येलमध्ये मार्क सॉल्ट्झमन यांच्या गटाने (२०१६) नॅनो कणांच्या पृष्ठभागाला चिकट रासायनिक टोकं लावली. कण अस्तराला जाऊन चिकटले की जाळीच्या वाटेने पळणार कसे? हे दोन्ही प्रयोग उंदरांवरचे.

माणसांवरही काही झालं आहे. पॅक्लिटॅक्सेलचे नुसते बारीक कण करून, कुठलंही वेष्टण न वापरता, ते पोटात सोडायची पहिल्या टप्प्याची चाचणी कॅन्ससमध्ये झाली (२०१५). पोटातल्या द्रवात औषध रक्ताच्या शेकडो पट राहिलं. अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अब्रॅक्सेन, कण साधारण १३० नॅनोमीटरचा. ते शिरेतून द्यायचं औषध आहे, पण कॅलिफोर्नियाच्या सिटी ऑफ होपमध्ये ते पोटात देऊन बघितलं (२०१९). बेल्जियममध्ये गेंटला विम सेलेन यांच्या गटाने तेच औषध दाबाखाली फवारून दिलं (२०२२). दुर्बिणीचं ऑपरेशन करताना पोटात वायू भरतात ना, त्या वायूतच औषधाचा फवारा मारायचा. ही फवाऱ्याची पद्धत जर्मनीतल्या मार्क रेमंड यांची. या सगळ्या चाचण्या पहिल्या टप्प्याच्या. म्हणजे प्रश्न एवढाच, की किती डोस सोसतो. आयुष्य वाढतं का, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही.

एक गंमत सांगतो. साधं जुनं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या तेलकट द्रावकात मिसळून देतात. या द्रावकाचे पाण्यात आपोआप दहा-बारा नॅनोमीटरचे थेंब तयार होतात आणि औषध त्यांच्या पोटात बसतं. पॅक्लिटॅक्सेल पोकळीत इतका वेळ टिकतं त्यात या थेंबांचाही हात आहे. म्हणजे 'नॅनो' हे नाव न लावता डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं नॅनो कणच पोटात देतायत. :-)

आता माझा मूळ मुद्दा. पोटच का?

नॅनो औषधांची मूळ भिस्त होती ती रक्तातून गाठीपर्यंत जाण्यावर. १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यामुळे मोठे रेणू तिथे झिरपून साठतात. याच आशेवर एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. १९९५ मध्ये डॉक्सिल आलं, आणि त्याने हृदयावरचा दुष्परिणाम कमी केला हे नक्की. पण २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशोब केला. दिलेल्या नॅनो कणांपैकी गाठीपर्यंत पोचणारे किती? मध्यांक ०.७ टक्के. बाकीचे बहुतांश यकृत-प्लीहेत. हा आकडा कसा मोजावा यावर पुढे बराच वाद झाला, पण चित्र काही फार बदललं नाही. अचूक मारा म्हणतात तो हा!

पोटात हा प्रश्नच वेगळा होतो. तिथे कणाला गाठ शोधत साऱ्या शरीरातून प्रवास करायचा नाही. त्याला गाठीच्या दारातच नेऊन सोडलंय. त्याने फक्त दोन गोष्टी करायच्या: पळून जायचं नाही आणि औषध हळूहळू सोडायचं. 'लक्ष्यवेध' वगैरे काही नाही, नुसतं तिथे बसून राहणं. माझ्या मते नॅनो कणांचं खरं सामर्थ्य हेच आहे. बातमीत मात्र ते मिसाइल होऊन येतं, कारण बसून राहण्याची बातमी होत नाही.

आणि म्हणूनच यश मोजायची पट्टी बदलायला हवी असं मी म्हणतो. आज प्रत्येक पेपरात मोजतात ते काय? उंदराची गाठ किती टक्के आक्रसली. आमच्याकडे याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात. उंदराचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम. गाठी काही दिवसांच्या, मिलिमीटरभर. ऑपरेशन झालेलं नाही, आतडी एकमेकांना चिकटलेली नाहीत, त्यामुळे टोचलेलं औषध एका क्षणात सगळीकडे. माणसात मोठ्या ऑपरेशननंतर पोटात कप्पे-कप्पे झालेले असतात. औषध एका कप्प्यात तुंबतं आणि दुसऱ्यात पोचतच नाही. प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर काय होईल ते टेस्ट मशीन सांगणार नाही.

माझी पट्टी साधी आहे. सहापैकी किती? कण घातलेल्या औषधाने सहाच्या सहा डोस पुरे करणाऱ्या बायका ४२ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जातात का? किंवा त्याहून बरं, सावकाश सुटणाऱ्या कणांमुळे सहाऐवजी दोनच डोस पुरतात का? तसं झालं तर नळी महिनोन् महिने पोटात ठेवायला नको. जीओजी १७२ आणि २५२ यांच्यामधला जो पेच आहे, पुरता डोस सोसत नाही आणि सोसणारा डोस पुरत नाही, तो सोडवायची एखादी संधी असेल तर ती इथे आहे. आणि हे मोजायला भारी यंत्रं लागत नाहीत. वही-पेन लागतं.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळायला लागलं त्याला एक घरगुती कारणही झालं. मागे माझ्या मावसबहिणीचा फोन आला. तिच्या सासूबाईंना अंडाशयाचा कॅन्सर निघाला होता.

"दादा, डॉक्टर म्हणतायत ऑपरेशनच्या वेळीच पोटात गरम केमो देऊ. पण इकडे ह्यांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की नॅनोवालं नवीन औषध येतंय, त्याने केससुद्धा जात नाहीत. मग आईंना आत्ता हे कशाला? थांबावं का थोडं?"

तिच्या आवाजात आशा होती आणि तीच मला घाबरवत होती. मी तिला एवढंच म्हणालो, "हे बघ, पोटात द्यायचं नॅनो औषध अजून चाचण्यांत आहे. ते 'येतंय' म्हणजे कधी, हे कुणालाच माहीत नाही. कॅन्सर थांबणार नाहीये, तर तू कुणासाठी थांबतेस? ते फॉरवर्ड बाजूला ठेव आणि डॉक्टरांना विचार, की गाठ किती पुरती निघेल, गरम केमोने आमच्या केसमध्ये किती फरक पडेल, आणि त्याचा त्रास काय होईल. दुसरं मत घ्यायचं असेल तर याच आठवड्यात घे." ऑपरेशन झालं. पुढचं त्यांच्या घरातलं आहे, ते इथे लिहीत नाही. पण त्या चौकटीतल्या बातमीची किंमत मला त्या दिवशी कळली. 'उंदरांवर यशस्वी' हे दोन शब्द एखाद्या घरात 'थोडं थांबू' होऊन पोचतात.

आता माझ्या म्हणण्यावर येणारे आक्षेप. पहिला आणि सगळ्यात तगडा: अहो, २०१९ च्या चाचणीत पोटातल्या केमोचाच फायदा दिसला नाही, तर तीच केमो कणात भरून काय दिवे लागणार? जपानमध्ये जठराच्या कॅन्सरवर पोटात पॅक्लिटॅक्सेल देऊन बघितलं (२०१८), तिथेही १५.२ महिन्यांचे १७.७ झाले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक उतरला नाही. आक्षेप रास्त आहे. पोटात औषध दाट ठेवण्याने मुळातच फरक पडत नसेल, तर कणही काही करू शकणार नाहीत. पण यावर उपाय वाद घालणं हा नाही. उपाय म्हणजे सरळ तुलना: तेच औषध, तोच मार्ग, तोच डोस, एका गटात कणांसह आणि एका गटात कणांशिवाय. आजवर बहुतेक प्रयोग कण विरुद्ध काहीच नाही किंवा कण विरुद्ध शिरेतून असे असतात. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की बग कुठला ते कसं कळणार?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि इथे मी जरा चिडून लिहिणार आहे. सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्हींची पेटंटं कधीच संपली. स्वस्त औषध पोटात कसं द्यावं याची मोठी चाचणी करण्यात कुठल्याही कंपनीला रस नाही, कारण उत्तर 'हो' आलं तरी फायदा सगळ्यांचा होतो. कणात भरलं की तेच औषध नवीन होतं, नवं पेटंट, नवी किंमत. म्हणजे कंपनी चाचणीला पैसे देईल ती नॅनोमुळेच, आणि पेशंटला परवडणार नाही तेही नॅनोमुळेच. हा पेच कोण सोडवणार? माझ्या मते सरकारी आणि धर्मादाय संस्था. आपल्याकडे हे अशक्य नाही. डाबर फार्माने पॉलिमरच्या नॅनो कणातलं पॅक्लिटॅक्सेल २००७ च्या सुमारास बाजारात आणलं होतं, शिरेतून देण्यासाठी. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो औषधांचं मूल्यमापन कसं करायचं याची नियमावलीही काढली. हायपेक करणारे सर्जन आहेत, पेशंट तर दुर्दैवाने भरपूर आहेत. नाही ती फक्त 'साध्या प्रश्नाची मोठी चाचणी' करायची सवय.

तिसरा आक्षेप: दोन वर्षं जास्त जगून काय होतं? हा प्रश्न कट्ट्यावर विचारायला सोपा आहे. ज्या घरात मुलगी बारावीला आहे त्या घरात जाऊन विचारून बघा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी ती चौकट पेपरात दिसली की चार प्रश्न विचारा. उंदीर की माणूस? माणूस असेल तर 'किती सोसतं' एवढंच बघितलंय की 'किती जगतं' हेही? तुलना कशाशी केली? आणि शेवटचा, जो बातमीत कधीच नसतो: ज्यांना हे औषध दिलं त्यांच्यापैकी किती जणींनी ते पुरं केलं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या दिवशी मथळ्यात येईल, त्या दिवशी मी ती चौकट कापून फॉरवर्ड करेन. तोपर्यंत घरात कुणाचं पोट महिनाभर उगाच फुगत असेल, दोन घास खाऊन भरल्यासारखं होत असेल, तर ओव्यावर भागवू नका. सोनोग्राफी करून घ्या. तिला नॅनो लागत नाही.